व्हेलपाशी उभं राहून ऐकलेलं

बडोद्यात लहानाचं मोठं झालेल्या कुणालाही विचारा की कमाटीबागेतल्या म्युझियममधलं काय लक्षात आहे, उत्तर येणार ममी नाहीतर व्हेल. माझंही तेच होतं. आता गेले चार महिने मी दर रविवारी त्या व्हेलच्या सांगाड्यापाशी वही घेऊन उभी असते, कारण माझ्या प्रोजेक्टचा विषयच तो आहे, घरची माणसं मिळून म्युझियम बघायला येतात तेव्हा काय शिकतात आणि कशी शिकतात. म्युझिऑलॉजी, म्हणजे म्युझियम कसं चालवायचं आणि मांडायचं याचं शास्त्र, आपल्या बडोद्याच्या युनिव्हर्सिटीत 1952 पासून शिकवतात, पण कुणी विचारलं की मी एवढंच सांगते, लोक बघतात ना, मी त्या बघणाऱ्या लोकांना बघते.

सुरुवातीला मी पुस्तकात होतं तसंच केलं. घड्याळ लावायचं, कोण कुठे थांबलं, किती वेळ थांबलं, पाटी वाचली का, फॉर्मवर टिक. पहिल्या तीन रविवारी "पाटी वाचली" च्या रकान्यात इतक्या कमी टिका आल्या की मी घरी येऊन आईला म्हणाले, कुणी काही वाचतच नाही गं, नुसते फोटो काढतात आणि जातात.

मग चौथ्या रविवारी एक मराठी घर आलं, आई-बाबा, आजी, साताठ वर्षांचा मुलगा. बाबांनी पाटीकडे जाता जाता तिरपी नजर टाकली, थांबले सुद्धा नाहीत, मी टिक केली नाही. आणि पुढच्या मिनिटाला ते मुलाला सांगतायत, "बहात्तर फूट आहे हा, म्हणजे आपली बस असते ना तशा दोन एकामागे एक लावल्या तर साधारण एवढा होईल," आणि 1944 साली महीच्या मुखाशी सापडला होता म्हणून. लगेच आजी, "अरे, माझे सासरे बघायला गेले होते तो, बैलगाडीनं, सांगायचे नेहमी." पोरगा म्हणाला पण नदीत कसा आला, तो तर समुद्रात असतो ना? मग बाबांनी तळहातावर बोटानं खंभातचं आखात काढलं, मही इथे मिळते, भरतीचं पाणी असं आत येतं, ओहोटीला असं लांब मागे जातं, आणि अडकला असेल बिचारा. सहा मिनिटं चाललं हे. माझ्या फॉर्मवर मात्र, पाटी: वाचली नाही.

त्या रात्री मी पॉलेट मॅकमॅनसचा 1989 चा पेपर परत काढून वाचला, लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमवरचा. लोक वाचत नाहीत असं वरून दिसतं, पण त्यांचं बोलणं ऐकलं तर पाटीवरचेच शब्द त्यात सापडतात, एक जण वाचतो आणि बाकीच्यांना बोलून देतो, हे तिनं तेव्हाच दाखवलं होतं. मी तो पेपर आधी वाचला होता, परीक्षेत लिहिलाही होता. पण कळला तो बैलगाडीमुळे.

फॉर्म बदलला मग. आता आधी परवानगी घेते, आणि जमेल तेवढं बोलणं लिहून घेते, कोण कुणाला काय सांगतंय, घरातली कुठली आठवण निघाली, प्रश्न कुणाचा होता. फिलाडेल्फियात मिंडा बोरुन आणि बाकीच्यांनी नव्वदच्या दशकात चार संस्थांमध्ये मिळून घरच्या माणसांवरच काम केलं होतं, त्यांचं म्हणणं की वस्तू अशी हवी जिच्याभोवती सगळं घर एकदम उभं राहू शकेल, लहान-मोठ्या सगळ्यांचे हात आणि डोळे पोचतील, आणि जिचा आपल्या रोजच्या जगण्याशी धागा लागेल. व्हेलला हे सगळं आपोआप आहे. लघुचित्राचं तसं नाही, तिथे एका वेळी एकच डोकं मावतं, मुलाला उचलून धरावं लागतं आणि हात दुखले की चला पुढे. चित्र कमी दर्जाचं आहे म्हणून नाही होत हे, उभं राहायलाच जागा नसते दोघांना, मग बोलणार कुठून.

आता जे लिहायचं होतं ते. गेल्या महिन्यात दादाची दोन्ही मुलं घेऊन गेले, भाचा नऊ वर्षांचा, भाची सात. फोनवर आमचंच बोलणं रेकॉर्ड केलं, सवय व्हावी म्हणून. घरी ऐकलं आणि मला रडू आलं. भाच्याला मी सांगतेय हाडं का अशी आहेत, पुढच्या परांत बोटांसारखी हाडं का असतात, व्हेलचे पूर्वज जमिनीवर चालायचे म्हणून. आणि भाचीला? "बघ किती मोठा आहे ना!" "इकडे ये, इथून छान दिसतो." बस. 2001 मध्ये केव्हिन क्राउली आणि सोबतच्यांनी कॅलिफोर्नियातल्या एका मुलांच्या म्युझियममध्ये हेच मोजलं होतं, तिथली वस्तू कशी वापरायची ते आई-वडील मुलग्यांना-मुलींना सारखंच सांगत होते, पण "असं का होतं" हे मुलग्यांना तिप्पट वेळा. मी तो आकडा सेमिनारमध्ये मोठ्या तावातावानं सांगितला होता! भाचीनं त्या रेकॉर्डिंगमध्ये दोनदा विचारलंय, "आत्या, ह्याचे दात कुठे गेले?" आणि दोन्ही वेळा मी भाच्याशीच बोलतेय.

पुढच्या रविवारी फक्त तिला घेऊन गेले. सांगितलं की ब्लू व्हेलला दात नसतातच, जबड्यात झालरीसारख्या पट्ट्या असतात, आपल्या नखांच्याच पदार्थाच्या, त्यातून पाणी गाळून तो बारीक बारीक जीव खातो. ती बराच वेळ स्वतःची नखं बघत होती.

परवा वहिनीचा फोन आला, भाची चहाची गाळणी घेऊन बाथरूममध्ये बसलीये आणि बादलीतलं पाणी गाळतेय, विचारलं तर म्हणते आत्याला विचार. मी तारीख लिहून ठेवली, भेटीनंतर एकोणीस दिवस.