चुन्याची भिंत

वाईतल्या त्या वाड्याचं मोजमाप पाऊस सुरू व्हायच्या आत उरकायचं होतं. मे महिन्यातल्या सकाळी कॅमेरा, ट्रायपॉड आणि टोटल स्टेशन (बिंदूंची नेमकी जागा मोजणारं यंत्र) घेऊन आम्ही दोघं दिंडीतून आत शिरलो. माजघरात पाऊल टाकलं आणि मी जागीच थबकले. आजींनी आदल्याच दिवशी भिंतींवर चुन्याचा हात फिरवून घेतला होता. "फोटो काढणार म्हणालीस ना गं? म्हटलं, घर जरा स्वच्छ दिसू दे."

आमचे फोटो नुसते बघायचे नसतात, त्यांवरून घराची मापं काढायची असतात. डाग, भेग, खिळा अशी एकच खूण सॉफ्टवेअर अनेक फोटोंत शोधतं. त्यावरून प्रत्येक वेळी कॅमेरा कुठे उभा होता ते काढतं आणि मग त्या खुणेची जागा ठरवतं. म्हणून शेजारच्या दोन फोटोंत सत्तर-ऐंशी टक्के भाग तोच यावा लागतो. ओल, पोपडे, काजळी असलेली जुनी भिंत या कामाला सोन्यासारखी. कोऱ्या चुन्यावर मात्र सॉफ्टवेअरला धरायला काहीच सापडत नाही.

चौकाचं काम सुरेख झालं. सुरूदार खांब, तुळयांखालची केळफुलं, कोनाडे, सगळं भराभर टिपून झालं. वरच्या मजल्याच्या फळ्या कुजलेल्या, तिथे टेप धरून कोणाला उभं करणं शक्यच नव्हतं. तिथले फोटो लांब काठीला कॅमेरा बांधून काढले. अशा वेळी मला आल्ब्रेख्त मायडेनबाउर आठवतो. 1858 साली जर्मनीत वेट्झलारचं कॅथेड्रल मोजताना तो वरून पडता पडता वाचला. इमारत फोटोवरून मोजता येईल, हा विचार त्याच्या डोक्यात तेव्हा आला. आपल्या कामाचं मूळ माणसाचा जीव वाचवण्यात आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

माजघरातल्या मोठ्या भिंतीचे फोटो चाचणीसाठी लॅपटॉपवर टाकले. कडेचे खांब आले, दाराची चौकट आली, मधे नुसतं भगदाड. आजी बाजूला उभ्या राहून बघत होत्या. "काय हवंय त्याला?" मी म्हटलं, "खुणा हव्यात, आजी. भिंतीवर काहीतरी दिसलं पाहिजे." त्या आत गेल्या आणि जुन्या कॅलेंडरांचा गठ्ठा घेऊन आल्या. मैद्याची खळ त्यांनीच शिजवली. पंजाएवढे तुकडे फाडून आम्ही ते वीतवीतभर अंतरावर घट्ट चिकटवले. ठळक तारखा, एकादशीच्या खुणा, आजींच्या अक्षरातला दुधाचा हिशेब, 'सिलिंडर आला' अशी नोंद. दिवा भिंतीच्या कडेने तिरपा लावला, त्यामुळे चुन्यातले कुंचल्याचे फराटेही उठून दिसायला लागले. सगळं पुन्हा टिपलं.

रात्री लॉजवर मेटाशेपमध्ये, म्हणजे फोटोंवरून त्रिमितीय मॉडेल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, भिंत उभी राहिली, या वेळी सलग. ऑटोकॅडमध्ये नकाशाच्या रेषा ओढायला घेण्याआधी, सवयीप्रमाणे, मॉडेलं ताडून बघायच्या क्लाउडकम्पेअर सॉफ्टवेअरमध्ये ती एका उभ्या प्रतलाशी ताडून पाहिली. सरळ भाग हिरवा आणि जेवढा फुगवटा तेवढा लाल, असे रंग लावले होते. पायाशी हिरवं, तुळईखाली हिरवं आणि मधे छातीच्या उंचीवर परातीएवढा लाल डाग. पंच्याऐंशी मिलिमीटर. आधी मला माझ्याच मापाची शंका आली. टोटल स्टेशनचे बिंदू पुन्हा तपासले, कागद सुटले असतील म्हणून फोटो मोठे करून बघितले. सगळं बरोबर होतं. दिवसभर त्या भिंतीसमोर वावरलो होतो आणि पांढऱ्याशुभ्र चुन्यात आम्हा दोघांनाही काही दिसलं नव्हतं. त्या डागाच्या बरोबर खाली आजींची कॉट होती. झोप लागली नाही.

पहाटेच गवंडीमामांना घेऊन गेलो. त्यांनी तुळईला ओळंबा बांधला. दोरी खाली यायच्या जागी भिंतीवरच टेकली. ती चार बोटं पुढे धरली तेव्हा कुठे ओळंबा मोकळा लटकला. "म्याडम, भिंतीनं पोट काढलंय." बाहेरच्या बोळात जाऊन पाहिलं, तर वरची पन्हळ फुटलेली आणि भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा. आतली भिंत पांढऱ्या मातीच्या भेंड्यांची. अशी भिंत पाणी पिते, पण वाळूही शकते. सिमेंटने तिची वाळायची वाटच बंद केली होती. वाड्यांना जपायचं म्हणून लोक मोठ्या मायेने सिमेंट लावतात, आणि तेच भिंतीला आतून कुजवतं. हे मी भेटेल त्याला सांगत असते.

दुपारपर्यंत आजींची कॉट ओटीवर गेली, तुळईखाली आणि भिंतीला टेकू लागले. पन्हळ तेवढी पावसाआधी बदलून झाली, मोठी दुरुस्ती राहिली.

ऑक्टोबरात पुन्हा गेलो. आजींनी कॅलेंडरचा एकही तुकडा कोणाला काढू दिला नव्हता. त्याच खुणा, तेच बिंदू. पुन्हा फोटो काढून दोन्ही मॉडेल एकमेकांवर ठेवली. टेकूंच्या मधला पट्टा पावसाळ्यात आणखी सहा मिलिमीटर पुढे आला होता, बाकी भिंत जागच्या जागी होती. म्हणजे सगळी भिंत पाडायची गरज नव्हती. तेवढाच पट्टा उतरवून भेंड्यांतच पुन्हा बांधायचं ठरलं. मामांनी माझ्या हातातला छापील नकाशा बघत भिंतीवर कोळशाने हद्द आखली. 'सिलिंडर आला' लिहिलेला तुकडा हद्दीच्या आत आला. आजींनी पाण्याचा हात लावून तो हळूच सोडवला आणि पदराने पुसून फडताळात ठेवला.