रिव्हॉल्व्हर नवं घ्यावं की जुनं? माझा अनुभव

आमचा पेट्रोल पंप गावाबाहेर, हायवेला. रात्री रोकड घेऊन घरी यावं लागतं, म्हणून शस्त्र परवान्यासाठी अर्ज केला. पोलीस चौकशी, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, जिल्हाधिकारी कार्यालयातले हेलपाटे हे कुणालाच चुकत नाही. खरं डोकं लागलं ते परवाना हातात पडल्यावर.

गाडी जुनी झाली की स्वस्त होते; तो हिशेब इथे उलटा चालतो. परदेशी शस्त्रांची सर्रास आयात १९८०च्या दशकात बंद झाली, त्यामुळे त्याआधी देशात आलेली वेब्ली या ब्रिटिश कंपनीची जुनी रिव्हॉल्व्हर फिरून फिरून विकली जातात आणि दरवेळी महाग होतात. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं पॉइंट ३२ बोअरचं नवं रिव्हॉल्व्हर एक लाखाच्या आसपास मिळत होतं; दुकानदाराने दाखवलेल्या जुन्या वेब्लीचा भाव त्याच्या कितीतरी पट. वेब्लीच्या नावाने आता उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यातही रिव्हॉल्व्हर बनतात, पण शौकिनांना मूळच्या, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचाच छाप हवा. "शेठ, ही वस्तू पुन्हा मिळायची नाही," दुकानदार म्हणाला. मिळायची नाही हे खरं, पण कानपूरवाल्याची बांधणीही वेब्लीच्याच धर्तीची, गोळ्या सहाच, आणि काडतुसं दोन्हींत आपल्या खडकीच्या कारखान्याचीच. मग जास्तीचे पैसे कशाचे? हौसेचे. मला ती नव्हती.

तिसरा पर्याय होता कानपूरचंच, पण वापरलेलं. ओळखीतल्या एका गृहस्थांना विकायचं होतं. "एकही गोळी झाडलेली नाही," ते म्हणाले, आणि माझा विश्वास बसला. आपल्याकडे बहुतेक परवानाधारकांची शस्त्रं कपाटातच म्हातारी होतात. पण गोळी झाडली नाही म्हणजे शस्त्र चांगलं राहिलं असं नाही. वर्षानुवर्षं चामड्याच्या कव्हरात पडून होतं. चामडं ओल धरतं. कव्हर जिथवर पोचत होतं, तिथवर नळीवर गंजाचे बारीक खड्डे. रिकामं असल्याची खात्री करून उघडलं, उजेडाकडे धरून नळीतून पाहिलं, तर आतल्या पिळदार खाचांवरही काळे डाग. बंद केल्यावर बिजागरी घट्ट बसत नव्हती, आणि मागचा घोडा (हॅमर) ओढल्यावर गोळ्यांचं सिलिंडर जागच्या जागी घट्ट बसायला हवं, तेही बोटाने हलत होतं. हे मला नको वाटलं.

शिवाय वेळ. खासगी व्यक्तीला आपलं शस्त्र दुसऱ्याला विकायचं तर तिला आधी जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागतं, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावं लागतं. दोघांच्या परवान्यांवर नोंदी, नंबर जुळवणं हे वेगळंच.

शेवटी नवंच घेतलं. ट्रिगर जड आहे, बोट दुखतं. सवय होईल म्हणतात, अजून झालेली नाही. परवान्यावर नंबर चढवून घेतला. कव्हर फक्त अंगावर असताना वापरतो. घरी आल्यावर रिकामं करून, तेलाचा हात फिरवून, सुती कापडात गुंडाळून तिजोरीत ठेवतो. काडतुसं दुसऱ्या कप्प्यात, आणि त्याची किल्ली वेगळी.