शिरोलीची गिरणी, लागोसचे कागद

वडिलांनी शिरोली एमआयडीसीत फौंड्री काढली ती उसाच्या चरकाच्या कास्टिंगवर. छोट्या गिरण्या आणि त्यांच्या ग्राइंडिंग प्लेटा आम्ही भावांनी नंतर धरल्या आणि त्याच आम्हाला नायजेरियाला घेऊन गेल्या. तिकडे टोमॅटो, लाल मिरची, कांदा बाजारातल्या गिरणीवर दळून घेतात. अकारा (चवळीचे वडे) आणि मोइ-मोइ (वाफवलेली चवळीची वडी) यांसाठी भिजवलेली चवळीही तिथेच दळली जाते. ओल्या दळणात प्लेटा झिजतात, म्हणून गिऱ्हाईक परत येतं. माल खपवायला आम्हाला फारसे कष्ट पडले नाहीत. खरी परीक्षा लागोसच्या अपापा बंदरात होते.

तिथल्या स्टँडर्ड्स ऑर्गनायझेशन ऑफ नायजेरियाने 2005 साली सॉनकॅप सुरू केलं, म्हणजे आयात माल दर्जात बसतो याचं प्रमाणपत्र निर्यातदाराकडून आधीच घेण्याची योजना. आधी मान्यताप्राप्त लॅबचा टेस्ट रिपोर्ट देऊन प्रॉडक्ट सर्टिफिकेट घ्यायचं. ते हातात आलं की तिकडचा आयातदार आपल्या बँकेत फॉर्म एम, म्हणजे आयातीचा अर्ज, उघडतो. सोबत आमचा प्रोफॉर्मा (मालाचं आगाऊ बिल) आणि नायजेरियातल्याच विमा कंपनीची पॉलिसी लागते. फॉर्म एम पास झाल्यावरच माल जहाजावर चढवायचा. माल निघाला की त्या कन्साइनमेंटचं वेगळं सॉनकॅप सर्टिफिकेट, आणि मग बँकेमार्फत कस्टम्सकडून ‘पार’, म्हणजे माल पोहोचण्याआधीचा मूल्यांकन अहवाल. ड्युटी त्यावर ठरते. हा क्रम उलटा केलेला चालत नाही. “आधी माल सोडा, कागद मागून बघू” म्हणणारा आयातदार कितीही गोड बोलला तरी आम्ही कंटेनर भरत नाही. माल बंदरात अडकला की डिमरेज, म्हणजे उशिराचा आकार, दिवसागणिक चढतं आणि शेवटी ते आमच्याच बिलातून कापायची भाषा सुरू होते.

आमच्याकडे हे सगळं वहिनी बघतात. एका कन्साइनमेंटच्या प्रोफॉर्मात ‘पार्ट्स ऑफ ग्राइंडिंग मिल’ होतं, टेस्ट रिपोर्टवर ‘कास्ट आयर्न प्लेट’ आणि सीएचएच्या (कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटच्या) ड्राफ्ट बीएलवर, म्हणजे जहाज कंपनीच्या माल-पावतीच्या मसुद्यावर, नुसतं ‘मशिनरी स्पेअर्स’. वहिनींनी बीएल तिथेच अडवला. “प्लेटा एकच, नावं तीन. लागोसच्या साहेबानं कुठलं खरं मानायचं?” कस्टम्सच्या वर्गवारीत गिरणी 8437.80 या कोडमध्ये जाते, प्लेटा 8437.90 मध्ये, तेव्हा एकाच कंटेनरमध्ये दोन्ही असले तर दोन वेगळ्या ओळी हव्यात. तेही त्या डोळ्यांत तेल घालून बघतात. लाकडी पॅलेटवर गव्हाच्या कणसाचा शिक्का (लाकूड कीडमुक्त केल्याची खूण) आहे का, हे बघायला तर स्वतः शेडमध्ये येतात. पॅलेटवाल्याला त्यांचा धाक माझ्यापेक्षा जास्त.

टेस्ट रिपोर्टच्या निमित्ताने फौंड्रीला मात्र शिस्त लागली. पूर्वी मिस्त्री तुटलेल्या प्लेटचा दाणा बघून मेल्ट कसा आहे ते सांगायचा, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायचा. आता प्रत्येक हीटचा (भट्टीतून एकदा ओतलेल्या लोखंडाचा) नमुना, हार्डनेसचं रीडिंग आणि प्लेटच्या पाठीवर ओतलेला हीट नंबर असतो. प्लेट मऊ निघाली तर लोखंडाचा कीस दळणात उतरतो आणि तो माणसाच्या पोटात जातो. त्यामुळे या अटीवर माझी काहीच तक्रार नाही.

तक्रार आहे ती खर्चाची. टेस्टिंग आणि सर्टिफिकेटची फी लहान ऑर्डरला जड जाते. त्यात जून 2023 मध्ये नायजेरियाने आपलं चलन नायरा मोकळा सोडला, तेव्हा डॉलर 470 नायरांच्या आसपास होता, पुढच्या वर्षी तो 1500 च्याही वर गेला. आमचा दर तोच राहिला, पण तिकडच्या व्यापाऱ्याला तीच प्लेट तिपटीने महाग पडू लागली. पूर्ण गिरण्यांची मागणी आटली, प्लेटांची टिकली. जुनी गिरणी प्लेट बदलून चालवता येते.

आता घानाची चौकशी आली आहे. इकोवास या पश्चिम आफ्रिकी देशांच्या गटाचा सामाईक जकात दर दोन्हीकडे असला, तरी सॉनकॅपचा कागद घानाच्या टेमा बंदरात चालत नाही. तिथे घाना स्टँडर्ड्स ऑथॉरिटीचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. कोटेशनमध्ये सर्टिफिकेटचा खर्च आम्ही वेगळ्या ओळीत लिहिला आहे. घासाघीस करायची असेल तर प्लेटच्या दरावर करा, त्या ओळीवर नाही, हेही कळवलं आहे.