पेठच्या वाटेवर: शेवळं आणि त्यांचा थोरला भाऊ

नाशिक-पेठ रस्ता जूनमध्येच करावा, असं माझं ठाम मत आहे. श्रावणात हिरवाई बघायला सगळेच येतात, पण तोवर शेवळं ही रानभाजी संपलेली असते.

पहिले दोन-चार पाऊस झाले की सावळघाटाच्या अलीकडे-पलीकडे बाया पाट्या घेऊन बसतात. वेलीने बांधलेल्या जुड्या, हातभर लांब, टोकदार, मातकट गुलाबी. भाजी म्हणून विकत असले तरी हे न उमललेले फुलोरे. शेजारी काकड नावाच्या रानझाडाच्या आंबट, हिरव्या फळांचे वाटे. मी नुसती शेवळं उचलली तशी मावशी म्हणाल्या, “काकडं बी घे बाई, नाय तर घसा धरंल.”

धरतोच. अळूच्या कुळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशात टोचतात. सुरणाला चिंच-आमसूल लावतात ते याचसाठी. सुरण आणि शेवळं तर एकाच प्रजातीतले, अमॉर्फोफॅलस.

पुढे एका पाड्यावर चहाला थांबलो तर परसात सुरण फुललेला. आधी वासच आला, उंदीर मेल्यासारखा. मग दिसला जमिनीलगतचा जांभळट, सुरकुतलेला गोळा आणि त्यावर घोंगावणाऱ्या माश्या. फुलोरा चक्क गरम होतो आणि दुर्गंध लांबवर जातो. मेलेलं जनावर समजून माश्या-भुंगेरे येतात. आतली मादी फुलं आधी तयार होतात, परागकण नंतर सुटतात, म्हणजे स्वतःचेच पराग स्वतःवर पडायला नकोत.

उमलू दिलं तर शेवळंही असंच घाण मारतं. आपण ते मिटलेलं असतानाच खुडतो, म्हणून ताटात येतं. सुरणाचं उलट: फुलाकडे कुणी बघत नाही, सगळा डोळा कंदावर. शेवळाचा कंद मात्र जमिनीतच राहतो आणि पुढच्या जूनला पुन्हा वर येतो.

फुलोऱ्यामागून दोघांनाही ठिपकेदार देठावर एकच मोठं, चिरलेलं पान फुटतं. नवख्याची तिथे गफलत होते. हात फिरवून बघावा, गावठी सुरणाचा देठ खरखरीत लागतो.

घरी शेवळांचा खालचा पिवळा, दाणेदार भाग काढून टाकला, बाकीचं बारीक चिरलं आणि काकडांचा रस व सोडे घालून शिजवलं. सीकेपी घरांत या भाजीचं एवढं कौतुक का, ते पहिल्या घासाला कळतं. सुरणाचे तांदळाच्या पिठातले कुरकुरीत काप मला आवडतात, पण ते काय, दिवाळीतही मिळतात.