कॅन्सर नव्हताच, मग आधी कॅन्सर का सांगितला?

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितेय. बाबांच्या स्वादुपिंडातली गाठ कॅन्सरची नाही ही बातमी कळल्यापासून जो तो हेच विचारतो, की कॅन्सर नव्हताच तर डॉक्टरांनी उगाच घाबरवलं का?

नाही हो, घाबरवलं नाही, दिसतच तसं होतं. वय साठीच्या पुढे, कावीळ, वजन उतरलेलं, पोटात फारसं दुखत नाही आणि सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडात गाठ, यावर कुठलाही डॉक्टर आधी कॅन्सरचाच विचार करणार आणि करायलाच हवा, कारण बहुतेकदा तो कॅन्सरच असतो. रक्तातलं सीए १९-९, म्हणजे या कॅन्सरमध्ये वाढणारं मार्कर, तेही वाढलेलं, पण ते नुसत्या काविळीनेही वाढतं. पेट (PET) स्कॅनमध्ये तर कॅन्सर आणि बाबांना निघालेला आजार, दोन्ही चमकतात.

बाबांना निघाला आयजीजी-४ रिलेटेड डिसीज. यात आपलीच प्रतिकारशक्ती अवयवांना सूज आणते आणि तो भाग गाठीसारखा कडक होतो, स्वादुपिंड, पित्तनलिका, लाळग्रंथी, किडनी, कुठेही. २००१ मध्ये जपानमधल्या शिन्शू विद्यापीठाच्या डॉक्टरांनी स्वादुपिंडाच्या अशा पेशंटच्या रक्तात आयजीजी-४ ही एका प्रकारची अँटिबॉडी वाढलेली असते हे दाखवलं. कॅन्सर समजून व्हिपलसारखं, म्हणजे स्वादुपिंडाचा भाग काढून टाकायचं मोठं ऑपरेशन झालं आणि नंतर रिपोर्टमध्ये हा आजार निघाला, असं कितीतरी जणांचं झालंय.

आमच्या डॉक्टरांना शंका आली ती बाबांच्या जबड्याखालच्या सुजेवरून, जी आम्ही दातांची समजत होतो. पोटाच्या दुखण्यात जबडा बघणारा डॉक्टर मिळाला, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

पण नुसत्या रक्तावरून ठरत नाही, कॅन्सरच्या काही पेशंटमध्येही आयजीजी-४ वाढतं आणि या आजारात कधीकधी नॉर्मल येतं, म्हणून एंडोस्कोपीतून सुई घालून बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणी. तेव्हा घरात केवढा गोंधळ, सुई लावली की कॅन्सर पसरतो म्हणे! या भीतीचा मला खरंच राग येतो, कारण नेमका आजार तुकडाच सांगतो. त्याच्याशिवाय स्टिरॉइड देऊन बघूया म्हणणंही धोक्याचं, लिम्फोमाची (हाही एक कॅन्सरच) गाठसुद्धा स्टिरॉइडने तात्पुरती लहान होते आणि मग खरा आजार लपून राहतो.

बायोप्सीच्या रिपोर्टनंतर प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू झालं आणि दोनेक आठवड्यांत सूज स्कॅनमध्येच उतरलेली दिसली. आता डोस हळूहळू कमी करतायत, शुगर वाढलीय, आजार उलटू शकतो म्हणून फॉलोअप चालूच राहणार. तुमच्या घरी स्वादुपिंडात गाठ असल्याचा रिपोर्ट आला तर डॉक्टरांना आयजीजी-४ बद्दल जरूर विचारा, पण त्यापायी उपचार लांबवू नका आणि त्यांनी बायोप्सी सांगितली तर करून घ्या.