बे त्रिक सहा, पण हॅश दोन

सकाळी सिक्स या पायथन लायब्ररीचं पॅकेज दोनदा बिल्ड केलं, म्हणजे सोर्स कोडमधून तयार केलं, त्याच मशीनवर, त्याच सोर्समधून, मध्ये फक्त एक चहा. तरी दोन्हीचे हॅश, म्हणजे फाइलीच्या बाइट्सवरून काढलेले ठसे, वेगळे.

सिक्स म्हणजे पायथन २ आणि ३ मधला पूल, एकच कोड दोन्हीवर चालावा म्हणून, बे त्रिक सहा म्हणून सिक्स, अख्खी लायब्ररी एका फाइलीत. डिफोस्कोप, म्हणजे दोन फाइलींतला फरक दाखवणारं टूल, लावला तर कोडमध्ये एका अक्षराचा फरक नाही, पण व्हील, म्हणजे पायथन पॅकेजची तयार फाइल, शेवटी झिपच, तिच्यात मेटाडेटा (पॅकेजची माहिती) फाइलवर बिल्डची वेळ बसलेली, १०:४२ आणि १०:५७. मग सोर्स डेट इपॉक, म्हणजे बिल्डला ठरावीक वेळ देणारं सेटिंग, शून्य (१ जानेवारी १९७०) ठेवून परत दोनदा केलं आणि हॅश जुळले! आतली तारीख मात्र १ जानेवारी १९८०, कारण झिपला त्याच्या आधीची तारीख लिहिताच येत नाही.

शेजारची मैत्रीण म्हणाली, "अगं, कोड तर तोच आहे, वेळेने काय बिघडतं?"

तेच दिवसभर डोक्यात घोळतंय. हॅश जुळला तरच तिसरं कुणी स्वतः बिल्ड करून ठामपणे सांगू शकतं की हे याच सोर्समधून आलंय, मध्ये कुणी काही घुसवलेलं नाही. पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला तरी सिक्स अजून कितीतरी पॅकेजांच्या पोटात आहे. ते नुसत्या भरवशावर घ्यायचं का?