करंगळीच्या नखावर सहा पोती

शाळेच्या महोत्सवाचं पत्र आलं आणि पहिले आठवले ते भूगोलाचे सर. स्नेहसंमेलनं, कवायती, मधल्या सुट्टीबद्दल बाकीचे लिहितीलच. मी लिहिणार आहे सरांनी शिकवलेल्या, जमिनीच्या पोटातल्या दाबाबद्दल.

एक किलोमीटर खोलीवर दाब किती, हे सर सूत्राने सांगत नसत. आपला काळा दगड, बेसाल्ट, घनमीटरला साधारण 2.9 टन भरतो. असे हजार ठोकळे एकावर एक रचा. तळाला करंगळीच्या नखाएवढ्या, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर 290 किलो भार येतो. तांदळाची 50 किलोची जवळजवळ सहा पोती! दहा किलोमीटरवर पन्नासहून जास्त.

मग खालच्या दगडाचा चुरा का होत नाही? सरांची सगळी शिकवण या एका प्रश्नावर उभी होती. चहूबाजूंनी सारखा दाब आला तर दगड नुसता आवळला जातो. एका बाजूने रेटा जास्त आणि दुसरीकडून कमी झाला, की तो मोडतो. (मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल ही बेसाल्टची टेकडी आहे. तिचे खांब दाबाने झाले असं कुणी म्हटलं की सर तिथेच थांबवत. ते लाव्हा निवताना आकसून तडकल्याने झाले.)

कोयनेचा तास तर अजून डोळ्यांपुढे आहे. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपाचा धक्का मुंबईलाही बसला होता. धरणातल्या पाण्याच्या वजनाने जमीन हलली, असं लोक आजही म्हणतात. सरांनी फळ्यावर हिशेब मांडला. शंभर मीटर पाण्याचा भार चौरस सेंटिमीटरला 10 किलो. पाच किलोमीटर खोलीवर दगडाचा भार 1300 किलोच्या वर. तेराशेपुढे दहाची काय मातब्बरी? पण तेच पाणी भेगांतून खाली झिरपतं. तिथे आधीच ताणलेल्या भ्रंशाच्या, म्हणजे खडक जिथून सरकतो त्या मोठ्या भेगेच्या, दोन भिंती दाबाने एकमेकींना घट्ट धरून असतात. आत शिरलेलं पाणी त्यांना आतून ढकलतं, पकड सैल होते, भिंती सरकतात. सरकण्याच्या बेतात असलेल्या भ्रंशाला तेवढं पुरतं.

आज माझं काम बोअरमधून निघालेले कोअर, म्हणजे दगडाचे लांब गोल दांडे, तपासण्याचं. फार खोलवरचा कोअर कधी कधी बिस्किटाच्या पुड्यासारखा चकत्या चकत्या होऊन वर येतो. नवखे इंजिनिअर ड्रिलवाल्याला बोल लावतात. दोष त्याचा नसतो. आडव्या रेट्यात आवळलेला दगड एकदम मोकळा झाला की असाच तुटतो. चकत्या जितक्या पातळ, तितका तो रेटा मोठा. हे ओळखणारी नजर सरांची देणगी आहे.

त्यांच्या काचेच्या कपाटात भंडाऱ्याचा निळसर कायनाइट होता. लांबीच्या दिशेने चाकूचं टोक ओढलं की रेघ उमटे. आडवं ओढलं की दगड दाद देत नसे, चाकूच झिजे. अ‍ॅल्युमिनियम, सिलिकॉन, ऑक्सिजन हाच ऐवज कमी दाबाखाली घडला तर अँडालुसाइट होतो, जास्त तापला तर सिलिमनाइट. आपण किती दाब सोसला, हे तो खडा अंगावर वागवत वर आला होता.

नव्या इमारतीत ते कपाट दिसलं नाही, फार चुटपुट लागली. कुठल्या अडगळीत खडे सापडले तर कायनाइट तेवढा प्रयोगशाळेच्या दाराशी ठेवावा, चाकूसकट.